खेळातले गुण आणि बुद्धीचे गुण

व्हिडिओ गेम म्हणजे पोरांचे खूळ, असे बहुतेक मोठी माणसे मानत होती, त्या काळातली ही गोष्ट. अमेरिकेतील एका शुश्रूषागृहात हे खेळ तिथल्या वृद्धांच्या हाती देण्यात आले. कुणाची नजर अधू, कुणाचे हात दुबळे; म्हणून खेळांत सोयीचे फेरफार केले गेले. हे वृद्ध खेळू शकतात आणि खेळात रमतातही, असे वाइजमन यांनी १९८३ मध्ये ‘द जेरोंटॉलॉजिस्ट’ या नियतकालिकात नोंदवले.

आता पुढचा प्रश्न आला : खेळल्याने उतारवयातला बुद्धीचा ऱ्हास रोखता येईल का?

१९८७ मध्ये क्लार्क आणि सहकाऱ्यांनी काही वृद्धांना सात आठवडे ‘पॅकमॅन’ व ‘डाँकी काँग’ हे खेळ दिले. न खेळणाऱ्यांच्या तुलनेत त्यांचा प्रतिसाद जलद झाला. १९९७ मध्ये नेदरलँड्समधील एका प्रयोगाचे निष्कर्ष आले. त्यातले वृद्ध ६९ ते ९० वर्षांचे होते आणि खेळणाऱ्यांना पाच आठवडे ‘सुपर टेट्रिस’ दिले होते. त्यांचाही प्रतिसाद जलद झाला, मनही अधिक प्रसन्न झाले. पण आणखी एक चाचणी होती. ‘लाल’ हा शब्द निळ्या शाईत छापलेला असताना शाईचा रंग सांगायचा. तिच्यात खेळणाऱ्यांचे गुण वाढले आणि न खेळणाऱ्यांचेही! तीच परीक्षा दुसऱ्यांदा दिली तरी गुण वाढतात, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको. तुलनेचा गट नसता, तर सगळे श्रेय खेळाला मिळाले असते.

पुढे अमेरिकेत २,८३२ वृद्धांवर मोठी चाचणी झाली. एका गटाला स्मरणाचे, दुसऱ्याला तर्काचे, तिसऱ्याला संगणकावर चटकन पाहून ओळखण्याचे प्रशिक्षण दिले; चौथ्याला काहीच नाही. २००२ मध्ये निष्कर्ष आले : ज्याने जे घोकले, त्याचे ते सुधारले. स्मरणाच्या सरावाने तर्क सुधारला नाही. पाढे पाठ असलेल्या मुलाला शाब्दिक उदाहरण सुटेलच असे नसते, तसेच हे.

हा फरक दुर्लक्षिला की काय होते? विस्मरणाची धास्ती घेतलेली माणसे आशेपोटी पैसे मोजतात. मेंदूचे खेळ विकणाऱ्या ‘लुमोसिटी’च्या कंपनीवर अमेरिकी व्यापार आयोगाने निराधार दाव्यांचा आरोप ठेवला, २०१६ मध्ये तिने २० लाख डॉलर देऊन तडजोड केली.

म्हणून वृद्धांनी खेळू नये काय? अवश्य खेळावे. शुश्रूषागृहातला लांबलचक दिवस हसतखेळत जाणे ही मोठीच गोष्ट आहे. तिला औषधाचे लेबल लावण्याची गरज नाही. आपण विद्यार्थ्यांना मात्र एक सवय लावू या. ‘अमुक केल्याने बुद्धी वाढते’ असे कुणी म्हटले, की त्यांनी विचारावे : गुण कशात वाढले? आणि ज्यांनी ते केले नाही, त्यांचे किती वाढले?