अपुऱ्या चित्राची थोरवी

ठाण्याहून घोडबंदर रस्त्यानें जातांना डाव्या हातास येऊरच्या डोंगराची रांग लागते. रस्त्यालगत आज उंच इमारतींची दाटी झाली असली, तरी पावसाळ्यांत प्रवाशाची दृष्टि त्या रांगेकडेच वळते. तिच्या पलीकडच्या अंगास कान्हेरीचीं लेणीं आहेत. तेथील ३४ क्रमांकाच्या लेण्याच्या छतावर बुद्धाचें चित्र आहे. पण तें अपुरेंच राहिलें आहे. तें पाहतांना मला ग्रीक चित्रकार अपेलीस याची आठवण होते.

अपेलीस हा ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांतला. शिकंदर बादशहाचा आवडता चित्रकार. रेघ ओढल्यावांचून त्यानें एकहि दिवस जाऊं दिला नाहीं, अशी त्याची ख्याति. आपलें चित्र लोकांपुढें मांडून तो मागें लपे व अभिप्राय ऐके. एका चांभारानें जोड्यांतली चूक दाखवितांच ती त्यानें सुधारली. परंतु तोच गृहस्थ दुसऱ्या दिवशीं पायासंबंधीं बोलूं लागला, तेव्हां जोड्याच्या वर न जाण्याविषयीं त्यास बजावलें!

या गोष्टी आपणांस कळतात त्या इ. स. ७९ मध्यें वारलेल्या प्लिनी या रोमन ग्रंथकारामुळें. कारण अपेलीसचें एकहि चित्र आज शिल्लक नाहीं. कॉस बेटासाठीं तो अफ्रोडायटी देवीचें चित्र काढीत असतां मृत्यूनें त्यास गांठलें, आणि त्याच्या रेषांवरून तें पुरें करण्यास कोणीहि धजलें नाहीं. अशा अपुऱ्या चित्रांत कलावंताचा विचारच उघडा दिसतो, म्हणून पुऱ्या चित्रांहूनहि लोक त्यांस अधिक मानतात, असें प्लिनी सांगतो.

कान्हेरीस याच्या नेमकें उलट घडलें. पहिल्या शतकांतील ग्रीक प्रवासवर्णनांत ज्या कल्याण बंदराचा उल्लेख येतो, तेथील व्यापारी, सोनार, लोहार यांचीं दानें कान्हेरीच्या शिलालेखांत नोंदलेलीं आहेत. मात्र ज्यानें मान मागें टाकून त्या छतावर कुंचला चालविला, त्याचें नांव कोठेंच नाहीं. अपेलीसचें नांव उरलें, काम गेलें. आमच्या चित्रकाराचें काम उरलें, नांव गेलें.

यांत भाग्यवान कोण? नांवास दुसऱ्याची लेखणी तारते. चित्रास मात्र पुढील पिढ्यांनीं जपावें लागतें. रॉबर्ट गिल यानें वर्षानुवर्षें खपून काढलेल्या अजिंठ्याच्या बहुतेक प्रतिकृति १८६६ सालीं लंडनच्या आगींत भस्म झाल्या. कान्हेरीच्या अनामिकास तर कोणी प्लिनी लाभला नाहीं. त्याची सारी कीर्ति त्या फिकट रेषांतच सांठविली आहे. त्या पुसल्या गेल्या, तर तो होता हें सांगणारें कांहींच उरणार नाहीं.