रेव्हरंड ना. वा. टिळक यांची ख्रिस्ती जीवनदृष्टी : भंडारा-नागपूर परिसराच्या संदर्भात एक अभ्यास

प्रस्तावना :

एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती धर्म स्वीकारणाऱ्या मराठी माणसापुढे श्रद्धेइतकाच जगण्याचाही प्रश्न उभा राहत असे. १८५० च्या कायद्याने धर्मांतरिताचा वारसाहक्क राखला. परंतु पंगत, पाणवठा आणि तुटलेली नाती कायद्याने परत मिळत नव्हती. त्यामुळे मिशनच्या आवारातील घर व मिशनची नोकरी हाच अनेकांचा आधार ठरला. चांगले ख्रिस्ती जीवन कोणते, या प्रश्नाला 'ते कोणाच्या आश्रयाने जगायचे' हा दुसरा प्रश्न अशा रीतीने जोडला गेला. प्रस्तुत लेखात रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांच्या जीवनाच्या आधारे या दोन्ही प्रश्नांचा परामर्श घेण्यात आला आहे.

प्रादेशिक पार्श्वभूमी :

स्टीफन हिस्लॉप यांनी १८४५ मध्ये नागपूर येथे फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडच्या मिशनकार्यास आरंभ केला. शाळा चालविणारा हा धर्मोपदेशक विदर्भाच्या भूगर्भाचा व गोंड समाजाचाही अभ्यासक होता. पुढे भंडारा येथेही याच परंपरेतील मिशनचे केंद्र उभे राहिले.

टिळक नागपुरात आले ते आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने, संस्कृत वाङ्मयाच्या कामासाठी. त्यानंतर ते राजनांदगाव संस्थानात नोकरीस गेले. १८९३ मध्ये नागपूर-राजनांदगाव रेल्वेप्रवासात एका सहप्रवाशाने त्यांना 'नवा करार' वाचावयास दिला. हा लोहमार्ग भंडारा रोड, तुमसर रोड व गोंदिया या स्थानकांवरून, म्हणजेच तत्कालीन भंडारा जिल्ह्यातून जातो. (गोंदिया जिल्हा १९९९ मध्ये वेगळा झाला.) टिळकांना त्या ग्रंथात सर्वाधिक भावले ते डोंगरावरील प्रवचन. शत्रूवर प्रेम, गाजावाजा न करता केलेले दान, उद्याची चिंता न करणे हे तेथील विषय आहेत. स्वतःचा नवा धर्म स्थापण्याचा विचार करणाऱ्या टिळकांना ख्रिस्त प्रथम भेटला तो आचरणाचा गुरू म्हणून, ही बाब त्यांच्या पुढील वाटचालीच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

आश्रयाचा प्रश्न :

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी एका भारतीय पाळकाच्या हस्ते बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर अहमदनगर येथे अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी अध्यापन, लेखन व धर्मोपदेश केला, 'ज्ञानोदय'साठी लिहिले. अभंग, कीर्तन व भजन या मराठी भक्तीच्या रूपांतून त्यांनी मराठी चर्चला स्वतःची उपासना दिली. तथापि मिशनचा पगार घेणारा उपदेशक लोकांना परक्यांचा नोकर वाटतो, ही खंत त्यांना होती. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचे वेतन सोडले आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या, अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना त्यात स्थान होते. साठीच्या उंबरठ्यावर निश्चित उत्पन्न सोडणे ही डोंगरावरील प्रवचनाशी त्यांनी राखलेली निष्ठाच होती.

घरातील कसोटी :

लक्ष्मीबाई टिळकांचा मार्ग निराळा होता. पतीच्या धर्मांतराने त्यांचा संसार उद्ध्वस्त झाला. काही वर्षे त्या माहेरच्या नातलगांकडे राहिल्या. पुढे त्या टिळकांकडे परतल्या, तरी सोवळेओवळे लगेच सुटले नाही. प्रत्यक्ष बाप्तिस्म्यापूर्वी त्यांनी जातिभेद मनातून व व्यवहारातून टाकला आणि १९०० मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रे'मधून हा प्रवास उलगडतो. श्रद्धेचा स्वीकार येथे तत्त्वचर्चेतून न होता चूल व पाण्याचे भांडे यांच्या व्यवहारातून झालेला दिसतो.

चिकित्सा :

टिळकांच्या आदर्शाची मर्यादाही लक्षात घ्यावी लागते. मराठी ख्रिस्ती समाजातील बहुसंख्य लोक महार-मांग समाजांतून आलेले होते. त्यांच्यासाठी मिशनची शाळा व नोकरी म्हणजे गावकीच्या बंधनातून सुटण्याची वाट होती. ज्याने हे बंधन सोसले, त्याला पगार सोडण्याचा उपदेश करणे सोपे नव्हते व न्याय्यही नव्हते. संतपरंपरेची भाषा ब्राह्मण कवीला सहज उपलब्ध होती. चोखोबांच्या वंशजांना त्याच परंपरेत देवळाबाहेरची पायरीही आठवत असे. त्यामुळे टिळकांचे देशीपण लक्ष्मीबाईंच्या जातिमुक्त घरासह वाचले, तरच पूर्ण होते.

समारोप :

टिळकांच्या दृष्टीने ख्रिस्ती होणे म्हणजे भाषा, भूमी व माणसे यांपासून दूर जाणे नव्हे. उपासनेत आपली भाषा, उपजीविकेत स्वावलंबन आणि घरात जातीविरहित पंगत, ही या दांपत्याच्या जीवनातून दिसणारी त्रिसूत्री होय. यांतील पहिल्या सूत्राचा गौरव विपुल झाला. दुसऱ्याची किंमत प्रत्येकाला सारखी मोजावी लागत नाही. तिसरे मात्र कोणत्याही ख्रिस्ती घराला, तसेच त्याच्या शेजारच्या घरालाही, आजही विचारता येण्याजोगे आहे.