वारणेकाठचा पीसी

आमच्या विश्रामबागेत १९४७ पासून इंजिनिअरिंग कॉलेज (आजचं वालचंद). त्यामुळे पीसी बिघडला की ओळखीतला कोणीतरी सापडतोच. आधी प्लग बघ, मग केबल, मग रॅम काढून पुसून परत बसव... हा मंत्र पोराटोरांनाही पाठ! पण मंडळी, खेड्यात काय होत असेल?

१९९८ मध्ये 'वारणा वायर्ड व्हिलेजेस' प्रकल्प आला. कोल्हापूर-सांगलीतली ७० गावं संगणकाने जोडायची. शेतकऱ्याला हवं असायचं एवढंच: किती टन ऊस भरला, तोडीची परवानगी निघाली का, किती खत उचललं. त्यासाठी अख्खा पीसी! वीज गेली की तो गप्प, बिघडला की दुरुस्तीचा खर्च.

पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्चने सात गावांत पीसीऐवजी साधा मोबाइल वापरून पाहिला. एसएमएस केला की आकडा हजर. आठ महिन्यांच्या प्रयोगात पीसीचं काम त्यावर भागलं.

तोड लांबली की उसाचं वजन घटतं, म्हणजे फटका शेतकऱ्यालाच. म्हणून वाटतं, स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी एक प्रश्न विचारावा: बाबा रे, तुला नक्की काय हवंय?