सावळी आणि सुंदर

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. कल्याण-डोंबिवली परिसरातील एका धर्मग्रामात आम्ही सेवेस होतो. नाताळानिमित्त मुलांचे येशूजन्माचे नाटक बसवायचे होते. पवित्र मरियेच्या भूमिकेसाठी दोन मुली पुढे आल्या. एकीचे पाठांतर चोख होते, आवाज स्वच्छ होता. रंगाने ती काळीसावळी होती. दुसरी गोरी होती, पण वाक्ये अडखळत म्हणे. आम्ही फारसा विचार न करता दुसरीची निवड केली आणि पहिलीला मेंढपाळांच्या घोळक्यात उभे केले. कोणी हरकत घेतली नाही. तिच्या आईवडिलांनीही नाही.

पुढच्या वर्षी निवडीच्या दिवशी तीच मुलगी आली, ती तोंडावर पावडरीचा जाड थर देऊन. मान आणि हात मात्र तिच्या मूळ रंगाचे होते. मुले हसली. कबूल करावयास हवे, आम्हीही ओठांतल्या ओठांत हसलो. रात्री प्रार्थनेस बसलो, तेव्हा तो पांढरा चेहरा डोळ्यांसमोरून हलेना. तिला ती पावडर लावावयास शिकविले होते ते आम्हीच.

पवित्र मरिया गोरीच असली पाहिजे, हे आम्हांला कोणी सांगितले होते? पवित्र शास्त्राने तर नाही. चारही शुभवर्तमानांत मरियेच्या रंगरूपाविषयी एक शब्द नाही. प्रभू येशूची उंची किती, वर्ण कोणता, नाकडोळे कसे, याविषयीही सुवार्तिक मौन पाळतात. मग ही समजूत आपल्या घराघरांत आली कोठून? या प्रश्नाचे उत्तर इतिहासात शोधावे लागते.

पोर्तुगीजांच्या आधी

आपल्या भागातील ख्रिस्ती श्रद्धा पोर्तुगीज जहाजांतून प्रथम उतरली, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः सहाव्या शतकात कॉस्मस इंडिकोप्लूस्टस या ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या प्रवासी व्यापाऱ्याने ‘कल्लियाना’ या ठिकाणी बिशप असून तो पर्शियातून नेमला जातो, अशी नोंद करून ठेवली आहे. हे कल्लियाना म्हणजे आपले कल्याण, असे अनेक इतिहासकार मानतात. पुढे १३२१ च्या एप्रिल महिन्यात ठाण्यात चार फ्रान्सिस्कन बंधूंनी रक्त सांडले. तोलेंतिनोचे थॉमस, पाडुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिफ्लिसचे दिमित्री ही त्यांची नावे. त्यानंतर थोड्याच काळाने ठाण्यास येऊन त्यांच्या अस्थी चीनला नेणारे ओदोरिक लिहितात की, त्या वेळी ठाण्यात पौर्वात्य परंपरेतील ख्रिस्ती लोकांची १५ घरे होती.

या १५ घरांतील माणसे दिसावयास कशी होती, त्यांच्या देवघरांत काय होते, याची चित्रे उरलेली नाहीत. मात्र त्याच पौर्वात्य परंपरेचे जुने दगडी क्रूस दक्षिण भारतात आजही आहेत आणि त्यांवर मानवी आकृतीच नाही. नुसता क्रूस, खाली कमळ. ज्या श्रद्धेने प्रभूचा चेहराच कोरला नाही, तिने त्याचा रंग ठरविण्याचा प्रश्न नव्हता.

त्या काळी आपल्या लोकांना काळ्या रंगाची लाज वाटत होती काय? व्हेनिसचा मार्को पोलो तेराव्या शतकाच्या अखेरीस आपल्या प्रवासवर्णनात ठाण्याच्या राज्याचाही उल्लेख करतो. मलबार नावाशी साम्य असलेल्या, पण पूर्व किनाऱ्यावरील ‘माबार’ म्हणजे तमिळ प्रदेशाबद्दल त्याने लिहून ठेवलेली एक गोष्ट आज वाचताना आश्चर्य वाटते. तेथे जो जितका काळा, तितका तो अधिक मानाचा. म्हणून आईबाप तान्ह्या मुलांना दर आठवड्यास तिळाचे तेल चोळीत, जेणेकरून रंग अधिक गडद व्हावा. देवांच्या मूर्ती ते काळ्या करीत आणि सैतान पांढरा रंगवीत! पांढऱ्या कातडीच्या प्रवाशाला हे वाचकांना सांगताना काय वाटले असेल, ते असो. गर्भवतीला गोरे मूल व्हावे म्हणून केशराचे दूध पाजणाऱ्या आणि तान्हीला डाळीचे पीठ व साय चोळणाऱ्या आपल्या आज्यांनी हे ऐकले असते, तर त्या थक्क झाल्या असत्या. महाराष्ट्राला तरी हे अगदीच अपरिचित नसावे. संतांनी ज्याची शतकानुशतके आळवणी केली, तो पंढरपूरचा विठ्ठल सावळाच आहे आणि ‘सावळा’ हा शब्द मराठीत लाडाचा आहे. तो बोचतो तो फक्त मुलगी दाखविताना.

गोरे चेहरे आले कसे

१५३४ च्या तहाने वसई आणि तिच्या अंमलाखालील प्रदेश पोर्तुगीजांकडे गेला. मराठ्यांनी १७३७ मध्ये ठाणे व १७३९ मध्ये वसई जिंकून घेतली. मधली दोनशे वर्षे आपल्या भक्तीला रूप देणारी ठरली. वेदींवर मूर्ती आल्या. त्या युरोपात घडल्या किंवा युरोपातील नमुन्यांवरून येथे घडविल्या गेल्या. ज्याने त्याने आपल्या माणसांसारखा देव रंगवावा, यात गैर काही नाही. इटलीच्या चित्रकाराने इटलीतील आई रंगविली, फ्लँडर्सच्या चित्रकाराने फ्लँडर्समधील. आपल्याकडे मात्र ती आई अशी पोहोचली, की जणू दुसरी असूच शकत नाही.

तरीही येथील कारागिराचा हात लपला नाही. सतराव्या शतकात गोव्यात हस्तिदंताच्या ज्या बाल मेंढपाळाच्या मूर्ती घडल्या, त्यांतील बालयेशू डोळे मिटून, ध्यानस्थ बुद्धासारखा बसलेला आहे. मुद्रा भारतीय, रंग तेवढा पांढरा. आणि तोही हस्तिदंताचा.

रंगाबरोबर मानपानही आले. पोर्तुगालमध्ये जन्मलेला सर्वांत वर, येथे जन्मलेला पोर्तुगीज त्याखाली, मिश्र रक्ताचा त्याहून खाली आणि स्थानिक मनुष्य तळाशी, अशी त्या समाजाची उतरंड होती. आपले संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म वसईला १५५७ च्या सुमारास झाला. वडील पोर्तुगीज, आई वसईची. उतरंडीत खालच्या पायरीवरचा हा मुलगा मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात साधा बंधू झाला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर क्रुसावर मरण पावला. १८६२ मध्ये ख्रिस्तसभेने त्यांना संतपद दिले. तिकडे लिमा शहरात मार्टिन दे पोरेस हे एका मुक्त कृष्णवर्णीय स्त्रीचे पुत्र. रक्ताच्या कारणावरून डोमिनिकन मठात त्यांना प्रथम नोकर म्हणूनच ठेवून घेतले गेले. १९६२ मध्ये त्यांनाही वेदीचा मान मिळाला. समाजाने ज्यांना चेहऱ्यावरून जोखले, त्यांच्याच चेहऱ्यांपुढे आज आपण मेणबत्त्या लावतो.

रोमच्या धर्मप्रसार मंडळाने १६५९ मध्येच आशियातील आपल्या प्रतिनिधींना बजावले होते की, तुम्ही तेथे श्रद्धा न्यावयाची आहे, फ्रान्स, स्पेन किंवा इटली न्यावयाची नाही. ही सूचना कागदावर राहिली. एकोणिसाव्या शतकात छापील पवित्र चित्रे स्वस्त झाली आणि निळ्या डोळ्यांची मरियामाता झोपडीतल्या भिंतीवरही पोहोचली. त्या चित्रांपुढे आपल्या आजी-आजोबांनी मनापासून प्रार्थना केली आणि देवाने ती ऐकली, यात आम्हांस तिळमात्र शंका नाही. परंतु त्या चित्रांकडे पाहत लहानाची मोठी झालेली मुले नकळत एक धडा शिकली : पवित्र ते गोरे.

एका चित्रकाराचे देशांतर

हा धडा पुसण्याचा प्रयत्न करणाऱ्या एका कॅथलिकाची कथा आपल्या वाचकांनी आवर्जून जाणून घ्यावी. आंजेलो दा फोन्सेका यांचा जन्म १९०२ मध्ये गोव्यातील सांतो एस्तेव्ह या बेटावर झाला. पाश्चात्त्य पद्धतीच्या कलाशिक्षणात मन न रमल्याने ते शांतिनिकेतनास गेले. अवनींद्रनाथ टागोर व नंदलाल बोस यांच्याकडून भारतीय चित्रपरंपरा शिकून परतले आणि आपल्या प्रभूला व त्याच्या मातेला आपल्या मातीचा रंग देऊ लागले. त्यांची मरिया गव्हाळ-सावळ्या वर्णाची, साडी नेसलेली, पदर डोक्यावरून घेतलेली. पाण्याला जाणाऱ्या कोकणी बाईसारखी.

तत्कालीन गोव्यात यावर काहूर माजले. देवाच्या आईला साडी? काळ्या रंगाची मरिया? लोकांना तो अपमान वाटला. जन्मभूमीत आपल्या कलेला जागा नाही, हे पाहून फोन्सेका पुण्यास आले. शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात, म्हणजे आपल्या अँग्लिकन बंधूंच्या छायेत, त्यांना आसरा मिळाला. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील स्पॅनिश इतिहासकार फादर हेन्री हेरास यांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. एका गोवेकराला मरिया आपली वाटावी म्हणून घर सोडावे लागले आणि एका स्पॅनिश धर्मगुरूने त्याला धीर द्यावा, यातील विसंगती बोलकी आहे. १९६७ मध्ये पुण्यातच त्यांचे निधन झाले. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह आज गोव्यातच, झेवियर इतिहास संशोधन केंद्रात जपला गेला आहे. चित्रकाराला जे जमले नाही, ते चित्रांना जमले. ती घरी परतली.

फोन्सेकांच्या हयातीतच दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये स्पष्ट केले की, ख्रिस्तसभेने कोणत्याही एका कलाशैलीला आपली म्हणून मानलेले नाही. १९६५ मध्ये त्याच परिषदेने शिकविले की, मनुष्याने आपल्या शरीराचा तिरस्कार करू नये, कारण ते देवाने निर्मिले आहे आणि अखेरच्या दिवशी ते उठविले जाणार आहे. या दोन वचनांची सांगड घातली, तर आपल्या चेहऱ्याचा स्वीकार ही श्रद्धेचीच बाब ठरते.

एका अक्षराचा प्रश्न

सेमिनरीत ‘गीतरत्न’ शिकताना आमच्या गुरुजींनी एका अक्षराकडे लक्ष वेधले होते. पहिल्या अध्यायात वधू आपल्या काळ्या वर्णाचा आणि आपल्या सौंदर्याचा एका दमात उच्चार करते. या दोहोंना जोडणारे हिब्रूतील अव्यय एकाच अक्षराचे आहे आणि त्याचा अर्थ ‘आणि’ असाही होतो, ‘पण’ असाही. प्राचीन ग्रीक भाषांतरकारांनी ‘आणि’ स्वीकारले. संत जेरोम यांच्या लॅटिन भाषांतरात ‘पण’ आले आणि पश्चिमेत दीड हजार वर्षे तेच वाचले गेले. भाष्यकारांनी त्यावर काळेपणा म्हणजे पाप, उजळपणा म्हणजे कृपा, असे रूपक रचले. रूपक आत्म्याविषयी होते; घाव मात्र कातडीवर पडले.

आपल्या विवाहाच्या बोलण्यांतही हाच ‘पण’ आहे. ‘मुलगी सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस आहे.’ जणू रंग हा दोष आणि बाकीचे त्याचे प्रायश्चित्त. ती वधू तर पुढे आपल्या रंगाचे कारणही सांगते : भावांनी तिला द्राक्षमळे राखावयास लावले आणि उन्हाने तिला रापविले. ठाण्याच्या खाडीकाठी मिठागरांत राबलेल्या, भाताची लावणी केलेल्या, मासळीची पाटी डोक्यावर वाहिलेल्या आपल्या आज्या-पणज्यांना हे कारण समजावून सांगावे लागले नसते. पोटासाठी उन्हात उभे राहिल्याची लाज कसली?

ख्रिस्ती श्रद्धा साजशृंगाराच्या विरुद्ध आहे, असा मात्र याचा अर्थ नव्हे. तेर्तुलियन व सिप्रियन या प्राचीन लेखकांनी रंगरंगोटीवर कडक आसूड ओढले. संत थॉमस अक्विनास यांनी अधिक समतोल भेद केला : नसलेल्या सौंदर्याचा देखावा करणे निराळे आणि आजारादी कारणाने आलेले व्यंग झाकणे निराळे, दुसऱ्यात दोष नाही. म्हणून अंगावर कोड आलेली किंवा भाजल्याच्या खुणा असलेली व्यक्ती उपचार घेते, तेव्हा तिला श्रद्धेचे डोस पाजू नयेत. परंतु निरोगी कातडीला रोग समजून तिच्यावर वाटेल ते मलम चोळणे, ही गोष्ट वेगळी. काही उजळ करणाऱ्या मलमांत पारा आढळतो आणि पारा मूत्रपिंडांना इजा करतो. पाऱ्याविषयीच्या मिनामाता या २०१३ च्या आंतरराष्ट्रीय करारात अशा प्रसाधनांवर २०२० पासून बंदीची तरतूद करावी लागली, यावरून या वेडाची व्याप्ती कळते.

मुलांना ‘स्वतःला स्वीकारा’ असा उपदेश करणे सोपे आहे. पण ज्या मुलीला घर, शाळा आणि चर्च मिळून रोज नाकारतात, तिने एकटीने स्वतःला स्वीकारावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे. आधी आपण तिला स्वीकारावयास हवे. आमच्याकडे विवाहेच्छूंसाठी एक छापील अर्ज होता. नाव, वय, शिक्षण, उंची आणि त्याखाली ‘वर्ण’. कित्येक मुलींनी तेथे ‘गव्हाळ’ लिहून वेळ मारून नेलेली आम्ही पाहिली आहे. पावडरीच्या त्या प्रसंगानंतर हा अर्ज पुन्हा हाती आला, तेव्हा आम्ही तो रकाना काढून टाकला. दोन-तीन पालकांनी विचारणा केली. आम्ही त्यांना स्नानसंस्काराची नोंदवही उघडून दाखविली.

त्या नोंदवहीत काय लिहावे, हे १९८३ च्या धर्मसंहितेच्या ८७७ व्या कलमाने ठरवून दिले आहे : बाळाचे नाव, आईवडील, धर्ममातापिता, संस्कार देणारा, जन्माचे व संस्काराचे स्थळ आणि दिनांक. स्पॅनिश अमेरिकेत एके काळी वंशावरून नोंदवह्या वेगळ्या ठेवल्या जात. ते पाप इतिहासात नोंदलेले आहे. आज ठाणे असो, कल्याण असो वा डोंबिवली, वसईकर, गोवेकर, मंगळूरकर, अहिल्यानगरकडून आलेले, सगळ्यांची बाळे एकाच वहीत, एकाखाली एक लिहिली जातात. त्या पानावर रंगाचा रकाना नाही.

आणि ती मुलगी? त्या वर्षी आम्ही तिला तोंड धुऊन यावयास सांगितले. ती भीत भीत परत आली, तेव्हा निळी ओढणी तिच्या हाती दिली. नाताळच्या रात्री गव्हाणीपाशी बसलेली ती मरिया तिच्या स्वतःच्या रंगाची होती. एकही वाक्य ती चुकली नाही.