मुदतीवरचा पत्ता

सुरतमध्ये खजोदला हिऱ्यांचा जो नवा बाजार डिसेंबर 2023 मध्ये सुरू झाला, त्याच्या 9 टॉवरांत साडेचार हजारांहून अधिक कार्यालयं आहेत. एका कार्यालयात संगणक, फोन, प्रिंटर आणि कॅमेरे मिळून 10 उपकरणं धरली, तरी आकडा 45,000 वर जातो. एवढ्या नेटवर्कसाठी लिनक्स सर्व्हर उभारायचा म्हटलं की बोलणं प्रोसेसर, मेमरी, हार्ड डिस्क यांवरून सुरू होतं. पहिला प्रश्न खरं तर वेगळा असतो: या उपकरणांना पत्ते कोण देणार? नेटवर्कवर येणाऱ्या प्रत्येक यंत्राला आयपी पत्ता लागतो आणि एकच पत्ता दोघांकडे गेला की दोघांचंही काम अडतं. हे पत्ते आज डीएचसीपी नावाची व्यवस्था वाटते. तिची कुळकथा माहीत असली, की सर्व्हर मांडताना कुठे जपायचं हे आपसूक उमगतं.

सुरुवातीला सगळं हातानं चालायचं. अमेरिकेतल्या अर्पानेटवरच्या यंत्रांची नावं आणि पत्ते एका फाइलमध्ये असत. ती कॅलिफोर्नियातल्या एसआरआय या संस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांचा गट सांभाळायचा. यंत्रं मोजकी होती तोवर हे निभावलं. 1980 च्या दशकात डिस्क नसलेली वर्कस्टेशन आली आणि पेच पडला. यंत्र सुरू झालं तरी आपला पत्ता काय, हे लिहून ठेवायला त्याच्याकडे जागाच नव्हती. जून 1984 मध्ये स्टॅनफर्डच्या चौघांनी त्यावर आरएआरपी हा उपाय मांडला. यंत्रानं आपल्या नेटवर्क कार्डाचा क्रमांक सांगायचा आणि सर्व्हरनं त्यासमोरचा पत्ता कळवायचा. पण ही विचारणा रूटर ओलांडत नसे, त्यामुळे नेटवर्कच्या प्रत्येक तुकड्यात वेगळा सर्व्हर ठेवावा लागे.

पुढच्याच वर्षी, सप्टेंबर 1985 मध्ये, बिल क्रॉफ्ट आणि जॉन गिलमोर यांनी बूटपी आणलं. विचारणा पुढे पोचवायला त्यांनी मध्ये एक मध्यस्थ ठेवला आणि निरोपात त्या मध्यस्थाचा पत्ता लिहिण्यासाठी एक रकाना राखला. हा रकाना पाहून सर्व्हरला कळतं की विचारणा नेटवर्कच्या कोणत्या भागातून आली. आज एखाद्या इमारतीच्या पंधरा मजल्यांवर पंधरा वेगळे व्हीलॅन, म्हणजे नेटवर्कचे आखून वेगळे केलेले भाग, असतात आणि त्या सगळ्यांना एकच सर्व्हर पत्ते पुरवतो, तो याच रकान्याच्या जोरावर.

बूटपीत एक उणीव मात्र राहिली. कोणत्या कार्डाला कोणता पत्ता, हा तक्ता माणसानंच भरायचा आणि एकदा दिलेला पत्ता कायमचा. 1961 पासून चालत आलेल्या सुरतच्या सरदार वल्लभभाई राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी दरवर्षी एक तुकडी बाहेर पडते, दुसरी आत येते. तिथे असा तक्ता ठेवला तर निघून गेलेल्यांच्या नोंदींनी तो थोड्याच वर्षांत भरून जाईल.

ही गाठ बकनेल विद्यापीठाचे राल्फ ड्रोम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोडवली. ऑक्टोबर 1993 मध्ये डीएचसीपीचा मसुदा प्रसिद्ध झाला आणि मार्च 1997 मध्ये त्याला आजचं रूप आलं. त्यांनी बूटपीच्या निरोपाचा साचा जवळपास तसाच ठेवला, 67 आणि 68 हे पोर्टही तेच ठेवले आणि एकच मोठी गोष्ट जोडली: मुदत. पत्ता एका साठ्यातून द्यायचा, ठरावीक काळासाठी द्यायचा आणि मुदत सरली की दुसऱ्याला द्यायला मोकळं व्हायचं. मला या साऱ्या कुळकथेत मुदतीची ही कल्पनाच सर्वांत मोलाची वाटते, कारण मोठं नेटवर्क तिच्यामुळे देखरेखीच्या आटोक्यात आलं.

प्रत्यक्षात काय घडतं ते पाहा. लॅपटॉप सुरू होतो. त्याच्याकडे पत्ता नसतो, म्हणून 0.0.0.0 या रिकाम्या पत्त्यावरून तो सगळ्यांना हाक देतो. सर्व्हर साठ्यातला एक पत्ता देकार म्हणून पुढे करतो. लॅपटॉप तोच पत्ता रीतसर मागतो आणि सर्व्हर मुदतीसह होकार कळवतो. चार निरोपांत काम होतं. अर्धी मुदत उलटली की लॅपटॉप स्वतःहून नूतनीकरण मागतो, नाही मिळालं तर सात-अष्टमांश मुदतीला कोणत्याही सर्व्हरकडे मागतो.

हे सारं लिनक्सवर आणलं ते इंटरनेट सिस्टिम्स कन्सोर्टियमनं, म्हणजे आयएससीनं. टेड लेमन यांनी लिहिलेला त्यांचा डीएचसीपी सर्व्हर 1997 च्या अखेरीस खुला झाला. आपल्याकडे तेव्हा डायल-अपवर आख्खं लिनक्स उतरवून घेणं जवळपास अशक्य होतं. 'पीसी क्वेस्ट' मासिकासोबत मिळणाऱ्या सीडींमधून ते गावोगावच्या हौशी मंडळींपर्यंत पोचलं. परवान्याचा खर्च नाही, जुना पीसी चालतो आणि आतला कोड वाचता येतो, म्हणून एखाद्या मध्यम कारखान्यालाही मोठ्या कंपनीच्या तोडीचा सर्व्हर बसवता आला.

त्या सर्व्हरची नोंदवही उघडून पाहण्यासारखी आहे. डीएचसीपीडी डॉट लीजेस या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये प्रत्येक पत्त्याखाली मुदतीची सुरुवात, शेवट आणि कार्डाचा क्रमांक दिसतो. नूतनीकरण झालं तरी जुनी नोंद खोडली जात नाही. खाली नवी येते आणि शेवटची नोंद खरी धरली जाते. सुरतच्या पेढीवरच्या रोजमेळासारखीच ही शिस्त आहे. मध्येच वीज गेली तरी आधी लिहिलेलं शाबूत राहतं. ठरावीक काळानं सर्व्हर जुन्या नोंदी गाळून फाइल नव्यानं लिहितो.

नियोजनाचे नियम या कुळकथेतूनच येतात. पत्ते 10 नं सुरू होणाऱ्या खासगी पट्ट्यातले घ्यावेत. 1996 मध्ये पक्क्या झालेल्या नियमानुसार तिथे 1 कोटी 67 लाखांहून अधिक पत्ते मोकळे आहेत. साठा मोठा म्हणून सगळी यंत्रं एकाच गटात कोंबू नयेत, नाहीतर प्रत्येक हाक सगळ्यांच्या कानी जाते. मजला किंवा विभागाप्रमाणे 254 किंवा 510 पत्त्यांचे तुकडे पाडावेत. पाहुण्यांच्या वायफायला तासाभराची मुदत द्यावी, कार्यालयातल्या स्थिर यंत्रांना 8 दिवसांची. मुदत 8 दिवसांची असेल, तर सर्व्हर बंद पडल्या क्षणी प्रत्येक चालू यंत्राच्या हाती निदान 4 दिवस शिल्लक असतात.

सुरतमध्ये या चार दिवसांना विशेष अर्थ आहे. ऑगस्ट 2006 मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्यानं तापीला पूर आला आणि शहराचा बहुतांश भाग पाण्याखाली गेला. म्हणून इथे सर्व्हरची खोली तळमजल्यावर किंवा तळघरात नसावी. जोडीचा दुसरा सर्व्हर वेगळ्या इमारतीत, वरच्या मजल्यावर असावा आणि दोघांनी नोंदी एकमेकांना कळवत राहाव्यात.

पूर्वजांचा एक दोषही वारशानं आला आहे. देकार देणारा सर्व्हर खरा की तोतया, हे ओळखण्याची सोय मूळ रचनेत नव्हती. एखाद्या वसतिगृहात कुणी घरगुती रूटर उलट्या बाजूनं जोडला की तोही पत्ते वाटू लागतो आणि मजलाभर इंटरनेट बंद पडतं. म्हणून स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग चालू करून ठरलेल्या पोर्टवरूनच देकार येऊ द्यावेत.

आयएससीनं 2022 च्या अखेरीस त्या जुन्या सर्व्हरची देखभाल थांबवली. आता त्यांचाच 'किया' हा नवा सर्व्हर आहे आणि तोही खुला आहे. हे काम शिकायला हिरे बाजाराएवढं नेटवर्क लागत नाही. उधना असो की नंदुरबार, जुन्या पीसीवर किया बसवावा, दोन व्हीलॅन आखावेत, मुदत दहा मिनिटांची ठेवावी आणि सर्व्हर मुद्दाम बंद करून कोणत्या मिनिटाला काय होतं ते नोंदीत पाहावं. तिथे जे समजेल, तेच 45,000 यंत्रांनाही लागू पडतं, फक्त मुदत मोठी आणि साठा मोठा.