सिरोंच्याचे न झालेले बंदर

समुद्रात बुडालेल्या द्वारकेचा धडा आला की वर्गातली मुले पुढे सरकून बसतात. डॉ. एस. आर. राव आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे पाणबुडे, त्यांना तळाशी सापडलेले दगडी नांगर, हे सारे मी रंगवून सांगतो. मग फळ्यावर प्राणहिता आणि गोदावरी काढतो. जिथे त्या मिळतात तिथेच आमचे सिरोंचा, आणि एकेकाळी या गावाला समुद्राशी जोडायचे ठरले होते.

धवलेश्वरमचा बंधारा बांधणाऱ्या आर्थर कॉटनचा हा ध्यास होता. वर्धा खोऱ्यातला, हिंगणघाटचा कापूस बैलगाडीने मुंबईला न्यायचा कशाला? वर्धेतून प्राणहितेत, प्राणहितेतून गोदावरीत आणि तिथून सरळ कोरोमंडल किनाऱ्यावर उतरवावा. वाटेत खडकांचे तीन मोठे अडथळे होते: दुम्मागुडेम, इंचमपल्ली आणि आमच्या अहेरीकडचे प्राणहितेवरचे देवलमरी. एफ. टी. हेग या अभियंत्याने नदीची पाहणी करून 1856 मध्ये अहवाल दिला. उपाय असा की खडकाच्या वर बंधारा घालायचा, बाजूने कालवा काढायचा आणि दोन दरवाजांमध्ये पाणी कमीजास्त करून बोट चढवायची-उतरवायची.

1860 मध्ये निजामाकडून डाव्या काठचा मुलूख इंग्रजांकडे आला आणि अप्पर गोदावरी जिल्हा झाला. त्याचे मुख्यालय सिरोंचा! नागपूर नव्हे, चांदाही नव्हे. आज जिल्ह्याच्या कामासाठी गडचिरोलीपर्यंत दिवसभराचा प्रवास करणाऱ्या माझ्या गावकऱ्यांना हे सांगताना मला फार अभिमान वाटतो. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेना, तेव्हा मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनीही ही योजना उचलून धरली.

पण 1867 मध्ये आगगाडी नागपूरला पोहोचली. पावसाळ्याचे काही महिनेच खोल राहणाऱ्या नदीसाठी पैसा कोण ओतणार? 1871 मध्ये काम थांबले, 1874 मध्ये जिल्हाही मोडला आणि सिरोंचा चांद्यात गेले. नदीने वाहतूक मात्र केली. अहेरीच्या जंगलातले सागवान तराफे बांधून राजमहेंद्रीकडे सोडत. ओंडके बांबूंसोबत बांधावे लागत, नाहीतर ओला साग बुडतो, असे आजोबा सांगत.

दुम्मागुडेमचा बंधारा आजही गोदावरीत आहे. आमच्या बाजूला मात्र त्या कामाचे काही उरले आहे का, हे कोणी पाण्याखाली पाहिलेले नाही, आणि ही गोष्ट मला सहन होत नाही. 2019 मध्ये संगमाच्या खाली मेडिगड्डाचे 85 दरवाजांचे धरण झाले. त्याचे पाणी आमच्या शेतांत शिरले, काठ बदलले, गाळ हलला. ऑक्टोबर 2023 मध्ये त्याचेच खांब खचले.

हेगचे नकाशे घेऊन मे महिन्यात, नदी उतरलेली असताना, देवलमरीपासून संगमापर्यंत पात्राची पाहणी व्हावी. सोबत ढिवर समाजातले जुने नावाडी हवेत. पाण्याखाली दगड कुठे आहे आणि जाळे कुठे अडकते, हे त्यांना पाठ असते.