बॅटरी खाणारे ॲप (लॅपटॉप)

लॅपटॉपवरील एखादे ॲप गरज नसताना प्रोसेसर राबवत राहिले, की बॅटरी झपाट्याने उतरते, पंखा घरघरतो आणि कीबोर्डाखालचा भाग तापतो. अशा वेळी अनेकजण घाईने बॅटरी बदलतात. दोष सॉफ्टवेअरचा असेल तर नवी बॅटरीही तशीच उतरते.

कारण : काम नसताना प्रोसेसर क्षणाक्षणाला निद्रावस्थेत जातो, बॅटरी टिकते ती या विश्रांतीमुळे. 50 वॉट-तासांची बॅटरी सरासरी 5 वॉट खर्चावर 10 तास पुरते, 20 वॉटवर जेमतेम अडीच तास. काही ॲप न संपणाऱ्या लूपमध्ये अडकतात. ती लगेच सापडतात. काही ॲप मात्र काम अगदी थोडे करतात, पण प्रोसेसरला वारंवार जागे करतात. हा दोष फसवा असतो, कारण प्रोसेसर-वापराच्या टक्केवारीत तो फारसा दिसत नाही. विंडोजवरील क्रोम ब्राउझरचे उदाहरण प्रसिद्ध आहे. विंडोजच्या अंतर्गत टायमरचा ठोका एरवी 15.6 मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला 64 वेळा पडतो. क्रोम तो 1 मिलिसेकंदावर आणत असे, म्हणजे सेकंदाला 1000 ठोके. आणि त्या काळी एका ॲपची मागणी साऱ्या यंत्रणेला लागू होई. 2014 मध्ये त्यावर बरीच चर्चा झाली आणि गूगलने दुरुस्ती हाती घेतली. लिनक्सवर असे जागे करणारे प्रोग्राम दाखवणारे पॉवरटॉप हे साधन इंटेलने 2007 मध्येच आणले होते.

निदान : विंडोजवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा; मॅकवर ॲक्टिव्हिटी मॉनिटरमधील एनर्जी हा विभाग पाहावा. आकडे वाचताना सावध राहावे. आठ लॉजिकल प्रोसेसर असलेल्या यंत्रात एकच थ्रेड अडकला, तर विंडोज साधारण 12.5 टक्के दाखवते आणि मॅक 100 टक्के. बिघाड तोच असतो. मॅकवर ‘कर्नल_टास्क’ वर चढलेले दिसले तर त्याला दोषी धरू नये. यंत्र तापल्यावर इतर ॲपना प्रोसेसर कमी मिळावा, यासाठीच ते मध्ये पडते. मोठ्या अपडेटनंतर फाइलींची शोधसूची नव्याने बनते, तेव्हाही भार वाढतो. तो काही तासांत आपोआप उतरतो.

उपाय : ब्राउझर दोषी वाटल्यास विंडोजवरील क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबून त्याचाच टास्क मॅनेजर पाहावा; कोणता टॅब किंवा एक्स्टेन्शन भार टाकते ते तिथे कळते. एक्स्टेन्शन एकेक करून बंद करावीत. सगळी एकदम काढली तर दोषी कोणते ते कळतच नाही. ॲप अद्ययावत करावे, पार्श्वभूमीत चालण्याची त्याची परवानगी काढून घ्यावी. जुन्या लॅपटॉपवर फक्त व्हिडिओ पाहताना हा त्रास होत असेल, तर तो व्हिडिओ उलगडण्याची सोय ग्राफिक्स चिपमध्ये नसणे हे कारण असू शकते. तेव्हा कमी रेझोल्यूशन निवडावे. ॲप सक्तीने बंद करणे हा तात्पुरता इलाज आहे. ॲपची आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिमची आवृत्ती आणि काय करताना भार वाढतो, हे निर्मात्याला जरूर कळवावे; या तीन गोष्टींशिवाय आलेल्या तक्रारीवरून दोष शोधणे फार अवघड जाते.